छपरावरचा बोकड

डेलमरने गळ पाण्याबाहेर ओढला, तेव्हा त्याला मासा नव्हता. काठावरच्या सायकमोर झाडाचं एक कुजकं पान होतं. ते मुद्दाम आलं असावं अशा नजरेने त्याने पानाकडे पाहिलं.

काठीवरच्या, दोरी ओवायच्या कड्यांत बर्फ धरला होता. काठी पाण्यात बुडवून त्याने तो सोडवला, आमिष पुन्हा डोहात फेकलं आणि लगेच रीळ फिरवून दोरी ओढायला लागला. रीळ जुनं, कुरकुरणारं. गारठ्याची लाट आली की टर्की फोर्क नदीतले सगळे बास मासे या कड्याखालच्या डोहात येऊन गपगार पडतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मासे इथेच होते. फक्त त्याच्याकडे येत नव्हते.

त्याचा मेहुणा व्हर्जिल मागे काठावरच्या गोट्यांवर घडीच्या खुर्चीत बसून कॉफी पीत होता. खुर्ची ओलेटाची. ओलेटा म्हणजे डेलमरची बायको आणि व्हर्जिलची बहीण. ती वसंतात गेली. तिच्यामागची ही पहिलीच गारठ्याची लाट, आणि डेलमरने मनाशी ठरवून टाकलं होतं की आज मासा लागला नाही, तर काठ्या व्हर्जिलच्या हवाली करायच्या आणि ॲरिझोनात लेकीकडे कायमचं राहायला जायचं. तिकडे ज्याला नदी म्हणतात, ती बरेचदा वाळूच असते.

गारठ्यात बास काढणारा माणूस म्हणून गावात त्याचं नाव होतं. बाकीचे शेगडीपाशी बसून हवेला शिव्या देत, तेव्हा हा मासे काढून, पुन्हा पाण्यात सोडून, नाक लाल करून परत येई. "मनगटात असावं लागतं," तो आमिषाच्या दुकानात सांगे. आणि पुढे हमखास म्हणे, "तेही बायको शेजारी बसून बडबडत असताना. एक दिवस ती घरी राहिली ना, तर नदी रिकामी करीन."

दुकान हसे. ओलेटा तिथे असली तर तीही हसे.

आज ती नव्हती, आणि नदी भरलेली होती.

तिची बडबड खास नदीवरची. डेलमरने आमिष टाकलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. सगळ्या माहेरच्या गोष्टी. क्लीटस काका भलत्याच माणसाच्या मयताला जाऊन ढसाढसा रडला ती, काकूने पाद्र्याला मिठाचा केक खाऊ घातला ती. "मी बोलत्ये तोवर ती गिरणी बंद ठेव," असं ती रिळाबद्दल म्हणायची. मग डेलमर मुकाट्याने काठी धरून उभा राही. गोष्ट संपली की वैतागून काठी उचली, आणि टोकाला मासा असे. एवढ्या कलकलाटातही मासा लागतो, म्हणजे आपलं मनगट काय असेल, याचं त्याला दरवेळी नवल वाटे.

शेवटची गोष्ट बोकडाची होती. नाताळच्या दिवशी तिच्या माहेरचा बोकड चर्चच्या छपरावर चढला. खाली पाद्री, आणि शिडी धरून क्लीटस काका. इथवर आली आणि मोठा मासा लागला. उरलेली पुढच्या थंडीत, असं ती म्हणाली होती.

"एवढ्या घाईने का ओढतोस?" व्हर्जिलने विचारलं. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"मी कायम असाच ओढतो."

"मग लागायचे कसे? गारठ्यात मासा उठत नाही बाबा. आमिष त्याच्या नाकापुढे पडून राहायला लागतं. आमचा बाप शहरातल्या लोकांना नावेतून न्यायचा, तर त्यांना मेल्यांना दम नसायचा. म्हणून बाप आमिष टाकायला लावायचा आणि एक अख्खी गोष्ट सांगायचा. मी बोलतोय तोवर गिरणी बंद, म्हणायचा. गोष्ट संपली की उचला काठी."

डेलमरचा हात रिळावरच थांबला.

"ओलेटा असायची त्या नावेत?"

"रोज."

"मग मला सरळ सांगायचं होतं तिने."

"तुला?" व्हर्जिल म्हणाला.

"तसं तिला बोलायला नुसतं निमित्त पुरायचं," डेलमर म्हणाला.

"ओलेटाला? अरे, शाळेत मास्तरणीने वर्षभर तिला मुकी धरलं होतं. घरी तुझ्याशी किती बोलायची सांग."

डेलमरने आठवून पाहिलं. त्याला त्यांचं स्वयंपाकघर आठवलं. टेबलावर बशी ठेवल्याचा आवाज आठवला. खिडकीशी उभी असलेली तिची पाठ आठवली. वाक्य एकही आठवेना.

"व्हर्जिल, त्या बोकडाचं पुढे काय झालं?"

"कुठल्या बोकडाचं?"

"तुमच्या. नाताळात चर्चच्या छपरावर चढला होता तो."

व्हर्जिलने कॉफीत पाहिलं. "आमच्याकडे बोकड कधीच नव्हता," तो म्हणाला.

"क्लीटस काका शिडी धरून..."

"क्लीटस नावाचा काकाही नव्हता."

डेलमरने सावकाश सगळी दोरी गुंडाळली. आमिष कडीला अडकवलं. काठी आडवी धरून व्हर्जिलपुढे केली. "घे," तो म्हणाला. "आता सगळ्या काठ्या तुझ्याच."

व्हर्जिलने काठी घेतली नाही. त्याने कप गोट्यांवर ठेवला, उठून खुर्ची पाण्याच्या कडेपर्यंत सरकवली आणि पुन्हा बसला. थंडीत जुना ट्रक सुरू व्हावा तसा दोन-तीनदा खाकरला.

"टाक पाण्यात," तो म्हणाला. "आणि गिरणी बंद. तर तो बोकड काही केल्या खाली उतरेना..."