ऐकू आला

अकराचा ठोका पडला आणि भोंगेमास्तरांनी बटण दाबलं नाही.

टोपी तेवढी त्यांनी नेहमीच्या जागी, पॅनेलवरच्या जाडजूड लाल दिव्यावर अडकवली होती. धरणावरच्या केबिनमधून परस्पर भोंगे वाजवले तर पेटायचा तो दिवा आजवर कधी पेटला नव्हता. टोपीला मात्र बरा पडायचा. मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून मास्तर घड्याळाकडे बघत बसले.

अठरा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, अकराला त्यांनी ते बटण दाबलं होतं. तापात दाबलं. बायको गेली त्याच्या चौथ्या दिवशीही दाबलं. पण आज त्यांना गावाचं पितळ उघडं पाडायचं होतं.

गंमत बघा. नदीकाठच्या चार खांबांवरचे भोंगे वाजवणारा हा माणूस, आणि अख्ख्या गावात भोंगा कधी न ऐकलेला तेवढाच एक. ऑफिस पडलं टेकडीच्या अलीकडे. तिथे नदीकडचं काही म्हणून ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येक खांबापाशी एक ऐकणारा नेमलेला. चाचणी झाली की मास्तरांनी फोन करायचा, त्याने ‘ऐकू आला’ म्हणायचं, वहीत खूण करायची. अठरा वर्षांत एकदाही कुणी ‘नाही’ म्हणालं नव्हतं. इतकं सुरळीत या जगात काही चालतं का?

लोक ऐकतच नाहीत, नुसतं म्हणतात, हे मास्तरांच्या मनाने घेतलं होतं. भिंतीवरचा तक्ता तरी कोण वाचतो? एकसुरी वाजला तर चाचणी, चढउतार करत वाजला तर अर्ध्या तासात पाणी, चला टेकडीवर. एवढं साधं, पण पालथ्या घड्यावर पाणी. उद्या खरंच धरणाचे दरवाजे उघडायची वेळ आली तर? सगळ्यांत खालच्या खांबाशी, नदीच्या पात्राला लागून, त्यांच्या धाकट्या बहिणीची बालवाडी होती. चौदा पोरं. महिनाभर मास्तरांना धड झोप नव्हती.

आज दुधाचं दूध, पाण्याचं पाणी होणार होतं. एकेकाची थाप वहीत लिहून ती वही साहेबांच्या टेबलावर आपटायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी पहिला फोन न्हाव्याला लावला.

“ऐकू आला?”

“आला की. पण मास्तर, आज लई लांबवलात. गिऱ्हाईक अर्धी दाढी सोडून उठत होतं. मी म्हटलं, बसा हो, दर महिन्याचंच आहे.”

मास्तर गालातल्या गालात हसले. थाप मारावी तर अशी, साबण लावून. त्यांनी वहीत लिहिलं: न्हावी, खोटा.

खिडकीबाहेर फडफड झाली. टेकडीवरून बगळ्यांचा थवा आला आणि ऑफिसच्या कुंपणावर ओळीने बसला. बगळे नदी सोडून इकडे कधी येत नसत. मास्तरांनी दोन क्षण बघितलं आणि बेकरीवाल्याचा नंबर फिरवला.

“आला,” बेकरीवाला म्हणाला, “पण पाच मिनिटं उशिरा. जरा घड्याळ दुरुस्त करून घ्या.”

चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. मास्तर त्याच्याकडून मुद्दाम सगळं वदवून घेत राहिले, कुठे होतास, काय करत होतास. मध्येच फोनमध्ये दुसरा कॉल टुकटुकायला लागला. मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. चोर हाती लागलेला असताना दार उघडायला कोण जातं? टुकटुक बराच वेळ चालली आणि थांबली.

पोस्टातल्या बाईंनी तर प्रश्नही पुरा होऊ दिला नाही. “आला हो, आला. कानठळ्या बसल्या. ठेवते, रांग आहे इथे.”

तीन फोन, तीन खोटारडे. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मास्तरांना उगाच थंडी वाजल्यासारखं झालं. ते उठले, खिडकी लावली, पाणी प्यायले. कुंपणावरचे बगळे वाढले होते.

चौथा फोन त्यांनी मुद्दामच शेवटी ठेवला होता. लहानपणी दोघांनी मिळून वडिलांचं घड्याळ फोडलं, तेव्हा मार खाऊन खरं सांगणारी धाकटीच होती. निदान ती तरी ‘नाही’ म्हणू दे, एवढंच त्यांना हवं होतं.

साडेअकरा होऊन गेले होते.

“आज उशीर केलास, दादा.” तिच्यामागे पोरांचा गलका चालला होता.

“कामात होतो. बोल, ऐकू आला?”

“आला.”

मास्तरांचा चेहरा पडला. “तूसुद्धा? खरं सांग. मी रागावणार नाही. आज मी बटण दाबलेलंच नाही.”

पलीकडे ती जराशी हसली.

“चेष्टा करू नकोस. तूच नाही का मघाशी तो नवीन सूर वाजवलास? वर जायचा, खाली यायचा. पोरं रडायलाच लागली होती. मी समजूत घातली, म्हटलं, मामाची चाचणी आहे, घाबरायचं नाही. आता बघ, सगळी पात्रात उतरून वाळूत किल्ला करतायत.”

मास्तरांनी हात लांब करून दिव्यावरची टोपी उचलली.

टोपी आतून चांगलीच तापली होती.