शेवट सांगण्याची रीत

"सांग बाळ, नावाड्याचं पुढे काय झालं?" वृद्ध ग्रंथपालांनी पुस्तक हाती घेत विचारले.

बालविभागाची ती रीतच होती. गोष्टीचा शेवट सांगितल्यावाचून तेथे पुस्तक परत घेतले जात नसे.

"नीट सांग हं, थापाड्या!" मुलाची आई मेजाशी येऊन उभी राहिली. "काका, याच्या थापांनी जीव नकोसा केलाय. शाळेत सांगतो, बाबा पाणबुडीवर असतात. ते बिचारे दिवसभर पंखे दुरुस्त करतात! म्हणून तर खऱ्याचं महत्त्व सांगणारं पुस्तक मागितलं तुमच्याकडे. तेही वाचलं नसेल, तर सोमवारी याची रवानगी वसतिगृहात. बाबांनी बजावूनच ठेवलंय."

ग्रंथपालांच्या मुखातून असत्य अक्षर कोणी ऐकले नव्हते. म्हणूनच आईबाप मुलांसाठी पुस्तक निवडण्याचे काम डोळे मिटून त्यांच्यावर सोपवीत.

मुलाने ओठांवरून जीभ फिरवली. सांगू लागला. पूर चढतो. जन्मभर खोटे बोललेला नावाडी गावाला ओरडून सांगतो, निघा. कोणी हलत नाही. तेवढ्यात त्याची आंधळी आई काठी टेकीत येते आणि एकटीच नावेत बसते.

"ती म्हणते, याचा आवाज खोटं बोलताना गोड होतो. आज कापतोय. मग एकेक जण चढतो."

ऐकता ऐकता पाने उलटणारा ग्रंथपालांचा हात मध्येच थबकला. त्यांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिले. मुलगा पांढराफटक पडला होता.

"काका, असंच आहे ना पुस्तकात?" आईने विचारले.

ग्रंथपालांनी पुस्तक सावकाश मिटले.

"शब्दन्‌शब्द."

आईचा जीव भांड्यात पडला. "मग आता खऱ्याबद्दलचंच दुसरं एखादं द्या."

"नको, ताई. आता त्याचं त्याला निवडू दे."

मुलगा कपाटांकडे धावला. आई त्याच्यामागे गेली. ग्रंथपाल उठले आणि बांधणीसाठी बाजूला काढलेल्या ज्या फाटक्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून ते पुस्तक त्यांनीच चुकून उचलून दिले होते, त्यात त्यांनी ते परत ठेवले. पुराच्या पुढची सगळी पाने वाळवीने केव्हाच खाल्ली होती.