पहिल्या सभेचं ठिकाण

"प्रजासत्ताकाची पहिली सभा कुठे भरली?" नागेशरावांनी पुस्तकातून विचारलं.

"सभागृहात," दमयंतीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोक्यावरची सरावाची टोपी किंचाळली. मंगळाच्या नागरिकत्वाच्या परीक्षेत उत्तर पुस्तकातलं असून भागत नसे. ते मनापासून पटलेलंही असावं लागे, नाहीतर टोपी ओरडे.

"अहो, सभागृहात त्या दिवशी हवाच नव्हती! सभेचे सातही सभासद माझ्या स्वयंपाकघरात बसले होते. एकवीस थालीपिठं मी मोजून वाढली."

"उद्या हे बोललीस तर नापास. मग परतीचं यान. तू पृथ्वीवर अन् मी इथे."

"तुम्ही कसे पास झालात?"

"मी मनाशी धरलं, बायको तिखटमीठ लावून सांगते."

बाईंनी डोळे वटारले. नागेशराव घाईने म्हणाले, "अगं, तुझ्याकडे ते फक्त जेवले. तू थकून झोपलीस, मग हवा आली आणि सभा सभागृहातच झाली. मी हवेच्या पंपावर कामाला होतो, तिथून पाहिलं ना!"

"खरंच?"

"आता या वयात खोटं कशाला बोलू?"

बाईंनी टोपी काढून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या नागरिक होऊनच घरी आल्या.

"टोपी गप्प बसली?"

"बसली. म्हटलं, नवरा सांगतो ते खरं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच हं, सवय लावून घेऊ नका." मग सरावाची टोपी पुढे करत त्या म्हणाल्या, "आता ही घाला आणि सांगा, पंपावरून काय पाहिलंत?"

"चहा टाकतो," म्हणत नागेशराव उठले आणि जिथे प्रजासत्ताक जन्मलं होतं, त्या स्वयंपाकघरात, टोपीला हात न लावता, आधण ठेवू लागले.