चौदा कच्ची बीजं

इंजेक्शनांचा पूर्ण मारा दिएमला सोसला नसता, म्हणून साइगॉनच्या आमच्या दवाखान्यात तिची चौदा स्त्रीबीजं कच्चीच काढली आणि पिकायला प्रयोगशाळेत ठेवली. तिची सासू त्वेतमावशी सा देक गावी बदकांची अंडी उबवते. मीही प्रयोगशाळेत बीजं पेटीतच उबवतो हे कळल्यापासून ती मला आपल्याकडचा कामगार समजायला लागली.

“कच्ची काढलीस? माझ्याकडे असतास तर त्याच दिवशी घरी बसवला असता.”

“मावशी, दोन दिवसांत पिकतात.”

“पेटी किती गरम आहे?”

“सदतीस.”

“आम्ही बदकांना साडेसदतीस देतो.” मग सुनेकडे वळून म्हणाली, “पोरगा कंजूष आहे.”

दिएमचे आधीचे दोन प्रयत्न वाया गेले होते आणि हाही गेला तर चौथ्याची तिच्यात ताकद नव्हती.

दोन दिवसांनी मी दोघींना सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर बसवलं. “चौदातली नऊ पिकली.”

मावशीने चष्मा पुसला, नऊच्या नऊ बीजं एकेक करून निरखली आणि तोंड वाकडं केलं. “शी. इतकी कुरूप जन्मात पाहिली नाहीत. एकेक नुसतं माकड.”

दिएम तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मीही जरा वेळ भिंतीकडे बघून घेतलं.

त्या बीजांची अजून बापाशी गाठसुद्धा पडली नव्हती. पण आमच्याकडे असं तोंडावर कुरूप फक्त सख्ख्या नातवंडांना म्हणतात, म्हणजे भुतं ते ऐकतात आणि त्यांना उचलून न्यायचा विचार सोडून देतात.