बायकांच्या वस्तू

तीनचाकीची किल्ली अंगणातल्या बुटक्या मेजावर पडली होती, चहाच्या पेल्यांशेजारी. तिच्याकडे बघायचं नाही, असं इट्टोनं ठरवलं होतं.

मीमूनशी तलाक मागच्याच आठवड्यात झाला. घर भाड्याचं होतं. वाटायचं राहिलं होतं ते सामान. त्यासाठी कोर्टानं आपले कारकून सी तुहामी यांना पाठवलं होतं. ते मेजावर कागद पसरून बसले आणि नियम त्यांनी आधीच सांगून टाकला. ज्याच्याकडे पुरावा, वस्तू त्याची. पुरावा नसेल तर रीत बघायची: पुरुष वापरतात ते नवऱ्याचं, बायका वापरतात ते बायकोचं, कुराणावर शपथ घेऊन. दोघंही वापरत असतील तर शपथ दोघांनी घ्यायची आणि निम्मं निम्मं.

"तीनचाकी पुरुषाची वस्तू," मीमून म्हणाला. "अझरूत कुणालाही विचारा."

इट्टोनं सांगितलं की गाडी तिच्या बांगड्या मोडून घेतलेली आहे आणि बसस्टँडवर रोट्या विकायला घेऊन रोज तीच जाते. सी तुहामींनी पुरावा मागितला. तो नव्हता. व्यापारी कुठल्याही बाईशी सौदा करायला तयार नव्हता, म्हणून तिनं भर बाजारात पैसे मीमूनच्या मुठीत दिले होते, आणि व्यापाऱ्यानं ते मीमूनच्या मुठीतून घेतले होते.

"चालवते म्हणून तिची झाली होय?" नणंद फाद्मा शेजारच्या गच्चीवरून म्हणाली. "उद्या दाढी करायला बसली, तर वस्तराही द्याल."

आजूबाजूच्या गच्च्यांवर हसू पसरलं. वाळत घातलेल्या चादरींमधून डोकीच डोकी दिसत होती.

मीमूननं कुराणावर हात ठेवला. गाडी आपली, आपल्या पैशाची, असं म्हणाला. आवाज जराही अडखळला नाही. मग त्यानं किल्ली उचलून खिशात टाकली.

"हा नियम गाडीपुरताच, की सगळ्या घराला?" इट्टोनं विचारलं.

"सगळ्या घराला, लल्ला इट्टो."

तिनं बाह्या वर सारल्या आणि ती स्वयंपाकघरात गेली. आधी तिन्ही बिडाचे तवे बाहेर आले. मग चाळण्या, पिठाचे डबे, रोट्या रचून न्यायच्या फळ्या. एकेक वस्तू ती सी तुहामींच्या पायाशी ठेवत गेली. दुसऱ्या डब्याला मीमून उठून उभा राहिला. हा धंदा आहे, घरसामान नाही, असं तो म्हणू लागला. तवे त्यानं स्वतः मेकनेसहून आणलेत, स्वतःच्या पैशानं. सी तुहामींनी त्यालाही पुरावा मागितला. त्याच्याकडेही नव्हता.

"तवा बायकांची वस्तू," इट्टो म्हणाली. "अझरूत कुणालाही विचारा."

या वेळी फाद्मा सोडून सगळ्या गच्च्या हसल्या.

सी तुहामी हसले नाहीत. माणूस सरळ होता. या वस्तू मीमूनही वापरत असेल तर त्या दोघांच्या ठरतात, निम्म्या त्याला मिळतील, हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं. फक्त तसं शपथेवर म्हणावं लागेल.

"साधा प्रश्न आहे, सी मीमून. तू कणीक मळतोस का?"

उत्तर अंगणातल्या दोघांनाच माहीत होतं. इट्टोचं मनगट दुखावलं तेव्हापासून कणीक मीमूनच मळत होता. पहाटे, दाराला कडी घालून; तलाकनंतरही, आजसुद्धा. त्याच्या हातांखाली ती अशी मऊ व्हायची, की इट्टोला तसं कधीच जमलं नव्हतं. कुणी दार वाजवलं तर तो घाईनं हात पुसायचा आणि सिगरेट पेटवून मगच कडी काढायचा.

इट्टो त्याच्याकडे बघत राहिली. तो हो म्हणाला असता तर तिनं नाकारलं नसतं. निम्मे तवे घेऊनही तिचं चाललं असतं.

"सांग ना," ती म्हणाली. "ते विचारतायत."

मीमूननं वर बघितलं. चादरी हलत होत्या. डोकी हलत नव्हती.

"कणीक बायका मळतात," तो म्हणाला.

सी तुहामींनी तसं लिहिलं. इट्टोनं हात धुतले, कुराणावर ठेवले. या वस्तू बायका वापरतात, मी वापरते, या माझ्या, एवढंच ती म्हणाली. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

गल्लीतल्या हातगाडीवाल्याला तिनं आत बोलावलं. तवे गेले, डबे गेले, फळ्या गेल्या. शेवटी राहिली लाकडी काठवट. तिच्यावरचं फडकं वर आलं होतं. खाली पहाटेची कणीक फुगून काठाबाहेर येऊ बघत होती. सी तुहामींची लेखणी थांबली. कणीक पुरुषांत बसते की बायकांत, हे त्यांनाही सुचेना.

इट्टो थांबली नाही. तिनं दोन्ही हातांनी कणीक उचलली, अंगण ओलांडून गेली आणि ती मीमूनच्या हातांवर ठेवली.

"ही तुझी," ती म्हणाली, सगळ्या गच्च्यांना ऐकू जाईल असं. "तूच मळली आहेस."

रिकामी काठवट कमरेवर घेऊन ती दाराबाहेर पडली. हातगाडीवाला दोरी आवळत होता तेवढ्यात तिनं एकदा वळून बघितलं. अन्न जमिनीवर ठेवायचं नसतं, आणि मेजावर सी तुहामींचे कागद पसरले होते. मीमून अंगणाच्या मधोमध तसाच उभा होता. कणीक त्याच्या मनगटांवरून खाली ओघळू लागली, तशी त्याची बोटं तिच्या कडा आपसूक आत दुमडू लागली. दुमडून दाबायची, पुन्हा दुमडायची, सवयीच्या हातानं, सगळ्यांच्या देखत.