समिधाची ऑफर

समिधाने कॉलेजात बिझनेसच्या डिग्रीबरोबर मेडिकलच्या प्रवेशासाठी लागणारे प्री-मेडचे विषयही घेतले होते. सकाळी अकाउंटिंग, दुपारी केमिस्ट्रीची लॅब, अशी चार वर्षं गेली. "व्हायचंय डॉक्टरच. बिझनेस आपलं सेफ्टीसाठी," असं ती सगळ्यांना सांगायची.

निकालाच्या आठवड्यात तिला दुबईतल्या एका शिपिंग कंपनीची नोकरीची ऑफर आली. तिचे बाबा, नागेश, दुबईच्याच अल क्वोज भागातल्या गोदामातून काम संपवून नुकतेच शारजाला घरी पोचले होते. युनिफॉर्मही बदलला नव्हता. तिने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

"आणि मेडिकलचा फॉर्म?" त्यांनी विचारलं.

"नंतर भरते ना. जस्ट टू इयर्स, बाबा. जरा सेटल होते, मग मेडिकल."

नागेशनी ऑफर वरपासून खालपर्यंत वाचली. चेहऱ्यावर ना आनंद, ना राग.

"माझा डी.एड.ला नंबर लागला होता," ते म्हणाले. "गुहागरला मास्तर होणार होतो. आईला सांगून इकडे निघालो, दोन वर्षांत येतो."

"मग?"

"या मार्चमध्ये सत्तावीस झाली."

त्यांनी 'नको' म्हणावं म्हणूनच आपण लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, हे समिधाला आत्ता कळलं.

नागेशनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

"कर सही. सकाळी साडेपाचला निघालीस, तर ट्रॅफिक लागत नाही."