बिनआवाजाचा कॉम्प्रेसर

दुकानदार नागेंद्रनं पहिल्या कॉम्प्रेसरचं बटण दाबलं आणि सुनयना मशीनकडं न बघता सासऱ्यांच्या तोंडाकडं बघायला लागली. आण्णाप्पा दुकानातल्या स्टुलावर बसले होते. बाजारात कुणी किडकी वांगी पुढं करावीत, तसं त्यांनी मशीनकडं बघितलं. मग उजव्या हाताचा पंजा आडवा धरून हलवला.

झालं. पहिला नापास.

निवाडा त्यांच्यावरच सोपवलेला होता. घर खासबागेत, खोल्या मोजक्या, आणि सुनयनाचं रंगवायचं टेबल नेमकं आण्णाप्पांच्या कॉटमागच्या भिंतीला लागून. सुनयना लोंढ्याची, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. विमा कंपनीत नोकरी करायची आणि सुट्टी मिळाली की वीतभर लांबीची इंजिनं नि मालडबे रंगवत बसायची. डब्यावरचा गंज, इंजिनावरची काजळी साध्या ब्रशनं जमत नाही, त्याला एअरब्रश लागतो. एअरब्रशला हवा लागते, हवेला कॉम्प्रेसर. आणि कॉम्प्रेसर म्हटला की आवाज आलाच.

आवाजाचंच तर घरात वावडं. आण्णाप्पांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर काढली. एवढा खडखडाट सोसलेल्या माणसाला म्हातारपणी तरी शांतता मिळावी, असं त्यांचा मुलगा भीमरत्न म्हणायचा. म्हणणारा स्वतः सकाळी आठला कामावर, रात्री आठला घरी. पण घरात टीव्ही बारीक, बोलणंही बारीक. त्यात सुनयना आईनं शिकवून पाठवलेली. सासऱ्यासमोर सुनेचा आवाज चढता कामा नये, हे तिनं लग्न झाल्यापासून चार वर्षं इमानानं पाळलं. बोलायची ती खाली मान घालून, ओठातल्या ओठात. एवढं करून आण्णाप्पा काय म्हणायचे? चहा देऊ का मामा? "हं." गोळी घेतली का? "हं." कधी तेवढंही नाही. नुसतं बघायचे आणि तोंड फिरवायचे. तिला ते फार लागायचं.

गेल्या महिन्यात तिनं मैत्रिणीचा एक जुना कॉम्प्रेसर आणून बघितला. "मामा, जरा आवाज होईल हं," असं पुटपुटली आणि तिनं दार लोटून घेतलं. पाच मिनिटांनी बघते तर आण्णाप्पा चपला घालून घराबाहेर. दिवेलागणीला परत आले ते तोंडाला कुलूप लावूनच. तेव्हाच भीमरत्न म्हणाला, "आप्पांनाच घेऊन जा दुकानात. त्यांना चालंल त्योच आण. न्हाय चालला तर सोड बाई ह्यो नाद."

सोड म्हणायला काय जातंय? त्या टेबलापाशी बसलं की ती माहेरी असायची. दोन तासांचं माहेर, तिकिटाशिवाय. तेवढंही गेलं तर या घरात तिचं म्हणून काय उरणार होतं?

नागेंद्रनं दुसरा लावला. "ह्यो बघा आक्का, बिनतेलाचा. खाली टाकी हाय, म्हंजे हवा साठून ऱ्हाती, मोटर सारखी पळत न्हाय. फ्रिजएवढाबी आवाज न्हाय."

खरंच नव्हता. बाहेर उभ्या रिक्षाचा आवाज त्याच्याहून जास्त होता. सुनयनाला वाटलं, हाच आपला. तिनं आशेनं सासऱ्यांकडं बघितलं.

आण्णाप्पांनी पुन्हा पंजा आडवा हलवला.

तिचे डोळे भरून आले. याच्याहून शांत मशीन जगात कुठं मिळायचं? मामांना मशीन नको असं नाही, आपणच नको आहोत, असं तिला वाटून गेलं. तिनं पर्स उचलली. "राहू दे अण्णा," ती नागेंद्रला म्हणाली. "न्हाय जमत."

नागेंद्र धंद्याचा माणूस, आलेलं गिऱ्हाईक असं सोडतोय होय? कोपऱ्यात गॅरेजवाल्यांसाठी ठेवलेला एक दांडगा कॉम्प्रेसर होता. "थांबा की आप्पा. आवाज म्हंजे काय असतंय ते तरी ऐका," म्हणत त्यानं तो चालू केला. दुकान हादरलं. काचेच्या कपाटातले स्क्रू नाचायला लागले. सुनयनानं कानांवर हात घेतले. समोरचा चहावाला वाकून बघू लागला.

आण्णाप्पांचा चेहरा खुलला.

"ह्यो घे," ते म्हणाले. "मघाची दोन्ही बंदच हायत. चालूच झाली न्हाईत." आणि पंजा आडवा धरून त्यांनी हलवून दाखवला. माग बंद पडला की शेडमधले गडी लांबूनच एकमेकांना दाखवायचे, तस्सा.

नागेंद्रनं गडबडीनं मशीन बंद केलं. सुनयना जागच्या जागी उभी राहिली. या माणसासमोर आपण चार वर्षं कुजबुजत होतो. मान खाली घालून, ओठसुद्धा दिसणार नाहीत असं. तिला आधी स्वतःची लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग दोन्ही एकदम.

ती त्यांच्या स्टुलापाशी जाऊन खाली बसली. तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं. आईची शिकवण तिनं गुंडाळून ठेवली आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, आपण आधी कानाच्या डॉक्टरकडं जाऊया. चालंल?"

आण्णाप्पा तिच्याकडं बघतच राहिले.

"चालंल की," ते म्हणाले. "माझं काय चुकलं तेच कळत नव्हतं गं. त्या दिशी तू दार लोटून घेतलंस, तवा तर मी घराभायेरच पडलो. चार वर्सांनी सुटला बघ तुझा अबोला."